निरोगी छातीचा फोटो

८ मे

ती. वहिनीस,

साष्टांग नमस्कार. मनातल्या मनात घातलाय, कारण लायब्ररीच्या तळघरात दोन पेट्यांच्या मध्ये बसून लिहितेय आणि इथे आडवं पडायला जागा नाही.

तर काम आहे. तू म्हणशील, ही कामाशिवाय कधी पत्र लिहिते का! खरंय, नाही लिहीत. आमच्या नव्या संचालकांच्या डोक्यात आलंय की आरोग्य विद्यापीठाची लायब्ररी म्हणजे नुसती डॉक्टर होणाऱ्या पोरांची अभ्यासिका नको, गावातल्या माणसांनी आत आलं पाहिजे. म्हणजे कोणी कामाला लागायचं? मी! दारातच एक टेबल मांडलंय. कोणीही आपला रिपोर्ट घेऊन यावं आणि त्यातल्या शब्दांचा अर्थ विचारावा. आम्ही औषध सांगत नाही, पुस्तक काढून देतो आणि सोप्या भाषेत समजावतो. एक व्हॅन मिळालीय, ती बाजारात आणि कारखान्यांच्या वसाहतींत फिरते. ड्रायव्हर भला माणूस आहे, प्लास्टिकचं फुप्फुस पोटच्या पोरासारखं मांडीवर घेऊन बसतो. आणि पुढच्या महिन्यात तळमजल्यावर प्रदर्शन आहे, नाव 'श्वास'.

आता घोळ ऐक. मला निरोगी छातीचा एक एक्स-रे हवाय, मोठी फिल्म, मागून दिवा लावून टांगायला. छातीरोग विभागाने आजारी छात्यांचे ढीगभर फोटो दिले. निरोगी एक नाही! निरोगी माणूस आपला फोटो घरी नेतो आणि गादीखाली घालतो. शिवाय रुग्णाचा घ्यायचा तर लेखी परवानगी, कमिटी, सतरा भानगडी. घरच्या माणसाचा असला तर प्रश्न मिटला. दादाच्या कंपनीत मागे सगळ्यांची तपासणी झाली होती ना? आणि 'छाती ठणठणीत' म्हणून तो महिनाभर मिरवत होता. तेवढी फिल्म पाठव. नावाची पट्टी कापून टाक, तसा आमचा नियम आहे.

फोन केला असता, पण तुमचा फोन दादाच्या साहेबांच्या टेबलावर. मी 'छाती' म्हणणार आणि चार जण कान टवकारणार.

तुझी,
खार


१९ मे

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

तुझा दादा फिल्म शोधणार? त्याला स्वतःचा चष्मा नाकावर असताना सापडत नाही. मीच कपाट उपसलं. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून पाठवतेय, वाकवू नकोस. नावाची पट्टी माझ्या शिवणाच्या कात्रीने कापलीय, अगदी सरळ.

आता माझं एक ऐक. आमची वस्तू आहे म्हणून लाजून कोपऱ्यात टांगू नकोस. जिथून डॉक्टर लोक येतात-जातात तिथे लाव, त्यांच्या अगदी डोळ्यांसमोर. मोठमोठे लोक बघतील ना? छातीवालेसुद्धा येतील का? कोण काय म्हणालं ते मला कळव. नुसतं 'सगळ्यांना आवडलं' असं नको. चांगलं, वाईट, जे म्हणतील ते.

तुझा दादा इतका फुगलाय की त्याचा शर्ट उसवायला आलाय. रात्रपाळीला जाताना म्हणतो, मी विद्यापीठात चाललो.

माझा शिवणाचा वर्ग बरा चाललाय. नव्या बायकांपैकी एकीने परवा बाही उलटी जोडली आणि वर मलाच म्हणते, बाई, अशीच फॅशन आहे. कपाळ माझं!

जेवत जा वेळेवर.

तुझी,
वहिनी


२४ जून

प्रिय वहिनी,

अगं, काय सांगू तुला! उद्घाटनाला एवढी माणसं आली की खुर्च्या कॅन्टीनमधून आणाव्या लागल्या. रक्तदाब मोजायच्या टेबलापाशी ही रांग. एका आजोबांनी तीनदा मोजून घेतला, दर वेळी वेगळा आकडा आला म्हणून चौथ्यांदा उभे राहिले. व्हॅनबरोबर आलेल्या गिरणीतल्या बायकांनी प्लास्टिकचं फुप्फुस सगळं सुटं केलं, आणि परत जोडलं तेव्हा एक तुकडा उरला. अजून तो माझ्या खणात आहे.

आणि दादाचा फोटो! दारातून शिरलं की समोरच, जिन्याच्या पायथ्याशी. वर वाचनकक्षात जाणारा प्रत्येक डॉक्टर त्याच्यासमोरून जातो. डीन साहेब दोन मिनिटं उभे राहिले, म्हणाले, छान, स्वच्छ आहे. विद्यार्थी बसून त्याची चित्रं काढतात. मजकूर सगळा तज्ज्ञांनी तपासलाय. वर मी मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'निरोगी छाती'. त्याखाली बरगड्या, हृदय, फुप्फुस अशा चिठ्ठ्या चिकटवल्यात. एक डाग तेवढा होता वरच्या बाजूला, रुपयाएवढा, फिल्म धुताना राहिला असेल. दिव्यासमोर फार वाईट दिसायला लागला. मग मी 'फुप्फुस' ही चिठ्ठी नेमकी त्यावरच लावली. आता कोणाला पत्तासुद्धा लागत नाही. आहे की नाही तुझी नणंद हुशार?

दादाला सांग, त्याची छाती सध्या या इमारतीतली सगळ्यात जास्त बघितली जाणारी वस्तू आहे.

तुझी,
खार


११ जुलै

चि. खारू,

तुझं पत्र चारदा वाचलं. डागाचं वाचून हसू आलं, आमच्या कंपनीच्या दवाखान्यातलं मशीनच तसलं. चिठ्ठी लावलीस ते बरं केलंस. पण बाकीचा भाग तरी सगळे नीट बघतात ना? की चहा प्यायला येतात आणि जाता जाता मान हलवतात? डीन साहेब खरंच 'स्वच्छ' म्हणाले? तोच शब्द?

चिठ्ठी लावायच्या आधी कोणा डॉक्टरने बघितला होता का तो डाग? सहज विचारतेय. दादा म्हणत होता, माझ्या छातीला डाग कसा.

इकडे धूळ फार. मला जरा खोकला आहे, पण इथे कोणाला नाही? मी बारीक झालेय म्हणून बायका हेवा करतात. माझेच दोन ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घेतले. म्हटलं, ह्या वयात कंबर परत आली, काय वाईट आहे!

लवकर लिही.

वहिनी


२ ऑगस्ट

वहिनी,

घाईत आहे, व्हॅन निघालीय. हो बाई, मांडणी करताना आमचे दोन तरुण डॉक्टर हजर होते, डाग उघडाच होता, कोणी अवाक्षर काढलं नाही. (एक पंखा धरून होता आणि दुसरा माझ्या अंगावर खिळे सांडत होता, पण हजर होते.) आत्तापर्यंत शेकडो डॉक्टर बघून गेले. कोणी काहीही म्हणालं नाही. दादाला म्हणावं, निश्चिंत राहा.

खोकल्यासाठी दवाखान्यात जाऊन ये. आळस करू नकोस.

खार


२२ सप्टेंबर

वहिनी,

हे पत्र ड्रायव्हरच्या हाती देतेय. तो तुमच्या वसाहतीत व्हॅन घेऊन येणारच होता, मी त्याला म्हटलं, आधी आमच्या घरी जा, मग बाकीचं. उत्तर घेतल्याशिवाय तो परत येणार नाही.

अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

आज सकाळी छातीरोग विभागाच्या प्रमुख बाई आल्या. त्या इतके महिने बाहेरदेशी शिकवायला गेल्या होत्या, प्रदर्शन त्यांनी पाहिलंच नव्हतं. मी मागे मागे होते. मागच्या दिव्याच्या उष्णतेने डिंक सुकला असावा, ती 'फुप्फुस'ची चिठ्ठी खाली पडली होती. बाईंनी वाकून उचलली, मला दिली, म्हणाल्या, ही तुमची का? आणि वर बघितलं. आणि बघतच राहिल्या. मला वाटलं, डागाबद्दल बोलणार. मीच आधी म्हटलं, मॅडम, फिल्म धुताना राहिलाय तो.

त्या म्हणाल्या, "हा डाग फिल्मवर नाही. आत आहे."

मी म्हटलं, नाही हो, ही निरोगी छाती आहे, माझ्या भावाची. तर त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं! म्हणाल्या, "भावाची? ही बाईची छाती आहे. विद्यार्थ्यालासुद्धा कळेल. ह्या बाई कोण आहेत? त्यांना ह्याच आठवड्यात माझ्याकडे आणा."

वहिनी, तू मला कोणाचा फोटो पाठवलास? कपाटात तुझ्या वर्गातल्या कोणाचा होता का? चुकून दुसरं पाकीट आलं का? मी मघापासून स्वतःला हेच सांगतेय, की चुकून आलं असणार, आणि मग मला तुझे ते ब्लाउज आठवतात. देवाशपथ, मला काही सुचत नाही. खरं काय ते लिही. एकच ओळ लिही, पण खरी.

खार


२२ सप्टेंबर, संध्याकाळ

खारू,

तुझा ड्रायव्हर पायरीवर बसलाय. चहा दिला, घेत नाही. म्हणतो, आधी लिहा.

माझाच आहे.

चुकून आलेला नाही. मी जाणूनबुजून पाठवला. मार्चमध्ये दवाखान्यात बायकांची तपासणी झाली, तेव्हाचा. तिथला डॉक्टर कोवळा पोरगा. म्हणाला, काकू, सावली दिसतेय, कदाचित जुना व्रण असेल, नाहीतर दुसरं काही असेल, मोठ्या इस्पितळात दाखवून या. त्या 'कदाचित'वर मी माझी गाडी चालवली. फिल्म घरी आणली आणि साड्यांच्या खाली घातली.

माझी थोरली बहीण अशीच दाखवून यायला गेली होती, ती परत आलीच नाही. आणि तुझा दादा! आई आजारी होत्या तेव्हा त्याची काय दशा झाली ते तू पाहिलंस. जेवण सुटलं, कामावर चुका करायला लागला. त्याला काय सांगू? तेवढ्यात तुझं पत्र आलं. मला वाटलं, वा, डॉक्टरांनी भरलेलं घर! तिथे टांगला, की ज्याला कळतं तो बोलेलच. बोलला तर खारू मला सांगेल. नाही बोलला तर काही नाहीच. मला कोणाच्या दारात जायला नको, विचारायला नको.

आणि कोणी बोललं नाही. तू लिहायचीस, कोणी काही म्हणालं नाही, आणि मी त्या रात्री गाढ झोपायचे. चिठ्ठीचं वाचलं त्या रात्री मात्र डोळा लागला नाही. नंतर तू लिहिलंस की दोन डॉक्टरांनी उघडा डाग पाहिला, आणि मी ते धरून बसले. डीन साहेब 'स्वच्छ' म्हणाले ते तर मी जपासारखं म्हणायचे.

खोकल्यात आता रक्त येतं. दादाला माहीत नाही. त्याला काही कळवू नकोस, मी सांगेन.

मी मूर्ख आहे का गं?

वहिनी


२३ सप्टेंबर

वहिनी,

तू मूर्ख? मग मी कोण?

ड्रायव्हरला आज परत पाठवतेय, फुप्फुसं आणि खोके सगळं उतरवून. मागच्या बाकावर गादी टाकलीय. त्याच्याबरोबर निघून ये, बाईंनी उद्याची वेळ दिलीय. पण निघण्याआधी हे वाच, कारण तू समोर आल्यावर माझ्याच्याने बोलवणार नाही.

रात्री तुझं पत्र मिळालं, आणि आज सकाळीच मी बाईंच्या खोलीत गेले. विचारलं, इतक्या डॉक्टरांनी बघितला, कोणालाच कसं कळलं नाही? त्या म्हणाल्या, वर 'निरोगी' लिहिलंय, आणि नेमकी ती जागा झाकलीय. मग कोणाला काय दिसणार? रागावल्यासुद्धा नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते दोन तरुण डॉक्टर, वहिनी, त्यांनी काही बघितलं नव्हतं. एक पंख्याकडे बघत होता आणि एक खिळ्यांकडे. मला ते माहीत होतं. तू विचारलंस तेव्हा मी घाईत होते, म्हणून 'हजर होते' असं लिहून मोकळी झाले. तू त्यावर झोपत होतीस! मी आजवर त्या टेबलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय, रिपोर्टमधलं एक अक्षर कळलं नाही तरी विचारा, लाजू नका. आणि माझ्या घरचं माणूस दर पत्रात विचारत होतं, आणि मी तुला आजोबांच्या गमती सांगत होते.

तुझा जीव टांगला होता तिथे, आणि मला तो डाग फक्त दिसायला वाईट वाटला. वहिनी, मी तो माझ्या हाताने झाकला. पहिल्याच दिवशी झाकला.

शिव्या दे. पण आधी गाडीत बस.

खार


९ ऑक्टोबर

चि. खारीस,

मी दादा. मला पत्र लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे. वॉर्डातल्या मावशींकडून कागद मागून घेतलाय. त्याच रस्ता ओलांडून तुला आणून देतील.

ह्या खोलीच्या खिडकीतून तुमची लायब्ररी दिसते. तुझं दाराजवळचं टेबल पण दिसतं. तू तिथे बसतेस, लोकांशी बोलतेस, आणि अधूनमधून वर बघतेस. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तू दारापर्यंत आलीस आणि परत फिरलीस, ते मी पाहिलं. त्यानंतर आली नाहीस.

तुमची दोघींची सगळी पत्रं मी वाचली. तिनेच दिली. खरं सांगू, मला काय वाटलं ते अजून मलाच नीट कळलेलं नाही. पाळी संपवून घरी येतो तर दारात व्हॅन, बायको पिशवी घेऊन उभी, आणि तुझा ड्रायव्हर मला म्हणतो, साहेब, वहिनींना इस्पितळात न्यायला आलोय. मला परक्या माणसाकडून कळलं, खारे! मी अख्ख्या कंपनीत सांगत होतो, माझा फोटो लावलाय, माझा. चार महिने. ती शेजारी बसून हसत होती.

तुम्ही दोघींनी मला एवढं कच्चं का समजलात? आई गेली तेव्हा मी कोलमडलो, हो. पण मी गेलो नव्हतो कुठे. रोज उशाशी होतो. ह्या पंधरा दिवसांतही आहे. तिला उलटी झाली की भांडं मी धरतो. कागदावर सही मी केली.

तुझी चिठ्ठीची गोष्ट वाचून ती भयंकर चिडली होती, ते मी लपवत नाही. दोन दिवस तुझं नाव काढू देईना. म्हणाली, मी सरळ विचारलं होतं तिला. मग एकदम रडली. म्हणाली, मी तरी कुठे सरळ विचारलं! कालपासून 'खारू आली का' हेच चाललंय.

आता जे सांगायचं ते. मघाशी बाईंनी मला बाहेर बोलावलं. ऑपरेशनमध्ये काही काढता आलं नाही. उघडल्यावर दिसलं की पसरलंय. तसंच शिवून बंद केलं. किरणांचा शेक देतील, औषधं देतील. मी विचारलं, मे महिन्यात आलो असतो तर? बाई म्हणाल्या, बहुतेक काढता आलं असतं. हे तुला सांगू की नको, ह्याचा मी विचार केला. पण आपल्या घरात एवढ्यात जे जे झालं ते न सांगण्यामुळेच झालं, म्हणून सांगितलं. तू लावलीस चिठ्ठी, तिने लपवला फोटो, आणि मी शेजारी झोपून तिचा खोकला ऐकत होतो आणि म्हणत होतो, पाणी पी. तिघांची चूक आहे. एकटीने सगळी अंगावर घेऊन तिकडे बसू नकोस.

ती आत्ता झोपलीय. तिला वाटतंय, डाग काढला. काल बाईंना तिने गमतीत विचारलंसुद्धा, काढलेला तुकडा लायब्ररीला देणार का. मघाशी बाई मला म्हणाल्या, त्यांना हे मी सांगते. मी म्हटलं, नको, मी सांगतो. चार वाजता ती उठली की सांगणार आहे. सगळं, जसं आहे तसं.

मला हे शब्द तोंडातून काढता येतील की नाही, माहीत नाही. तू टेबलावरून ऊठ आणि रस्ता ओलांडून ये. तिचा एक हात मी धरेन, दुसरा तू धर.

दादा